रंगीत कागद आणि आपले चेहरे

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या डार्करूम प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कालपासून तुम्ही काळ्या-पांढऱ्या प्रिंट्स काढायला शिकताय. उद्यापासून आपण रंगीत प्रिंट्स काढणार. आज चहाच्या वेळी बऱ्याच जणींनी मला एकच प्रश्न विचारला : रंगीत कागद कोणता घ्यायचा? दुकानदाराला विचारलंत तर तो म्हणेल, "जो मिळतो तो घ्या, बाई." हे अगदीच खोटं नाही. पूर्वीइतके प्रकार आता मिळत नाहीत. तरीही निवड उरतेच, आणि ती करताना कोणत्या कसोट्या लावायच्या हे आपण ठरवायला हवं. म्हणून आजचा वेळ मी याच प्रश्नाला देते.

कुणी म्हणेल, मोबाइलच्या काळात हा उद्योग कशाला? आपल्या संस्था-संघटनांच्या कपाटांत जुन्या निगेटिव्ह पडून आहेत. मोर्चे, शिबिरं, पथनाट्यं, बचत गटांच्या बैठका, आणि मारहाण झालेल्या बायकांचे फोटोसुद्धा. त्या वेळी लॅबने जशा प्रिंट्स दिल्या तशा आपण घेतल्या. निगेटिव्हमध्ये मात्र त्या प्रिंटपेक्षा बरंच जास्त शिल्लक असतं. ती स्कॅन करता येते, आणि करून ठेवावीच. पण चेहऱ्याचा 'योग्य रंग' कोणता हे कुणी ठरवलं, हा प्रश्न स्कॅनरपाशीही सुटत नाही. डार्करूममध्ये तो आपल्याला स्वतःच्या हाताने सोडवावा लागतो. म्हणून हे शिकायचं.

आधी कागद म्हणजे काय ते पाहू. आज आपण वापरतो त्या रंगीत कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्यावर प्रकाशाला संवेदनशील असे तीन मुख्य थर. एक लाल प्रकाश टिपतो, दुसरा हिरवा, तिसरा निळा. डेव्हलपरमध्ये या थरांत अनुक्रमे निळसर-हिरवा म्हणजे सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे रंग तयार होतात. मग ब्लीच-फिक्समध्ये चांदी निघून जाते आणि फक्त रंग उरतात. या प्रक्रियेला आरए-४ म्हणतात. ती १९८०च्या दशकात आली आणि आजही तीच चालते. कागद तिन्ही रंगांना संवेदनशील असल्यामुळे डबा पूर्ण अंधारातच उघडायचा. काळ्या-पांढऱ्यासाठी लावतो तो लाल दिवा इथे चालणार नाही.

ज्यांनी आपल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद वापरलाय, त्यांना कागदाचे नंबर ठाऊक असतील. निगेटिव्ह मऊ असली तर कडक नंबरचा कागद, कडक असली तर मऊ. रंगीत कागदाला असे नंबर नसतात. कागदाचा जो कडकपणा, म्हणजे उजेड आणि सावली यांतला फरक, तो कारखान्यातच ठरलेला असतो. १९९०च्या दशकात कोडॅक एकाच कागदाचे तीन प्रकार काढत असे : माणसांसाठी मऊ 'पोर्ट्रा', मधला 'सुप्रा' आणि भडक 'अल्ट्रा'. आता ती चैन राहिलेली नाही. इल्फोक्रोम, म्हणजे जुना सिबाक्रोम, हा स्लाइडवरून थेट छापायचा कागदही बंद झाला. कोडॅकचा कागदाचा धंदा २०२० साली एका चिनी कंपनीला विकला गेला. आज प्रामुख्याने मिळतो तो फुजीचा 'क्रिस्टल आर्काइव्ह', त्याच्या दोन-चार प्रकारांत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कागदावर चेहऱ्याचा रंग बरोबर आला, हे कशावरून ठरवायचं?

अमेरिकेत कोडॅक कंपनी साधारण १९५०च्या दशकापासून लॅबना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्यात नटूनथटून बसलेली एक गोरी बाई आणि तिच्या आजूबाजूला रंगांचे ठोकळे. या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत, पहिल्या मॉडेलच्या नावावरून. पुढे बाया बदलल्या तरी नाव शर्लीच राहिलं. लॅबमधला माणूस सकाळी यंत्र सुरू केलं की शर्लीची प्रिंट काढायचा. तिची कातडी कार्डासारखी आली की यंत्र बरोबर लागलं असं समजायचं. मग दिवसभर सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो त्याच मापाने निघायचे. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर सविस्तर लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांशी बोलून माहिती गोळा केली. त्यातली एक गोष्ट मी नेहमी सांगते. काळ्या माणसांचे चेहरे फोटोत नीट येत नाहीत हे काळ्या आईबापांना मुलांच्या शाळेच्या फोटोंवरून दिसतच होतं. पण गडद तपकिरी रंगांच्या छटा नीट याव्यात म्हणून कंपनीवर खरा दबाव आला तो चॉकलेटवाल्यांकडून आणि लाकडी फर्निचरवाल्यांकडून. काळं चॉकलेट आणि दुधाचं चॉकलेट जाहिरातीत सारखंच दिसतं, दोन लाकडांतला फरक कळत नाही, ही त्यांची तक्रार. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, माप म्हणून बाईच बसवली होती, पण कोणती बाई चालेल हे तिने ठरवलेलं नव्हतं. दुसरी, ही कुणा एका लॅबवाल्याची खोड नव्हती. रोजच्या कामाची ती रीतच होती, त्यामुळे कुणाला ती दिसलीही नाही.

आपल्याकडे त्यात आपली भर पडली. मुलीचा 'दाखवायचा' फोटो काढायचा तर स्टुडिओवाला न विचारता तो उजळ करून देणार. एका स्टुडिओत मी माझ्या सावळ्या मैत्रिणीची प्रिंट परत करून गडद मागितली, तर काउंटरवरचा माणूस चक्रावलाच. "मॅडम, लोक उजळ करून मागतात, तुम्ही उलटं काय सांगताय?" तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे रोज येणाऱ्या शंभर आयाबापांनी त्याला हेच शिकवलं होतं.

शिवाय लॅबच्या यंत्राचीही एक सवय असते. ते संपूर्ण निगेटिव्हची सरासरी काढतं आणि ती राखाडी असावी असं धरून चालतं. हळदीचा कार्यक्रम घ्या. पिवळी साडी, पिवळे हात, पिवळा मांडव. यंत्राला वाटतं पिवळं फार झालं, म्हणून ते निळं वाढवतं, आणि नवरीचा चेहरा आजाऱ्यासारखा निळसर पडतो. लाल साड्यांतल्या बायकांचा गट असला की चेहरे हिरवट-निळसर होतात. अंधाऱ्या घरात काळ्यासावळ्या बाईचा फोटो काढला तर यंत्र ते चित्र उजळवतं, मग तिचा चेहरा राखेसारखा फिका येतो. उलट पांढऱ्या साडीतल्या बाईचा चेहरा काळाठिक्कर पडतो, डोळेसुद्धा दिसत नाहीत. आपण मात्र म्हणतो, "माझा फोटो चांगला येतच नाही." फोटो चांगला येत नाही, यात चेहऱ्याचा काही दोष नसतो.

आता कागद निवडायचा कसा, ते एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट कडकपणाची. हल्लीचे बरेचसे कागद लॅबमधल्या लेझर यंत्रांसाठी बनवलेले आहेत. ती यंत्रं कागदावर क्षणाच्या अगदी बारीक अंशात प्रकाश टाकतात. एन्लार्जरखाली आपण काही सेकंद देतो. कागद चालतो, पण रंग थोडे भडक आणि फरक थोडा कडक येऊ शकतो. कधी आणखी एक दोष दिसतो : कपाळावरच्या उजेडाला गुलाबी झाक आणि गालाखालच्या सावलीला हिरवट. गुलाबी काढायला जावं तर हिरवं वाढतं. फिल्टरने हे दुरुस्त होत नाही. गोऱ्या चेहऱ्यावर सावली थोडीच असते, त्यामुळे हा दोष खपून जातो. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यावर मात्र बहुतेक रंग त्या गडद भागातच असतो. म्हणून कागद पारखताना चेहऱ्याचा उजळ भाग बघू नका. गालाचा सर्वांत गडद भाग बघा. तिथे तपकिरी, तांबूस जिवंतपणा राहिला तर कागद आपल्या कामाचा. तिथे नुसता काळा डाग किंवा हिरवट चिखल दिसला तर नाही.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. ग्लॉसी कागदावर काळा रंग सर्वांत खोल येतो आणि बारकावे जास्त दिसतात. मासिकात छापायला, स्कॅन करायला आणि पुराव्यासाठी ग्लॉसी घ्या. पण बोटांचे ठसे आणि ओरखडे त्यावर लगेच दिसतात, आणि ट्यूबलाइटखाली चमक मारते. गावोगाव फिरवायच्या, शाळेच्या वर्गात नाही तर देवळाच्या ओसरीवर टांगायच्या प्रदर्शनासाठी बारीक खरखरीत असा लस्टर कागद बरा. अगदी मॅट कागदावर काळा रंग राखाडी होतो, गडद चेहऱ्यांचं त्याने नुकसान होतं.

तिसरी गोष्ट ताजेपणाची. कुणी स्वस्तात जुना डबा देऊ केला तर घेण्याआधी एक पट्टी मागा. प्रकाश न दाखवता ती डेव्हलप करा. पांढरीशुभ्र आली तर ठीक, पिवळट आली तर कागद उन्हाळे खाऊन बसलाय. आपल्याकडच्या उकाड्यात कागद हवाबंद पिशवीत घालून फ्रिजमध्येच ठेवा. वापरायच्या काही तास आधी बाहेर काढा आणि थंडपणा गेल्याशिवाय पिशवी उघडू नका, नाही तर दव धरतं. एका कामाला एकाच तुकडीचे डबे घ्या. दर तुकडीचा रंग किंचित वेगळा असतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपलं स्वतःचं शर्ली कार्ड करा. मंद उन्हात, उघड्यावर, आपल्या गटातल्या पाच-सहा जणींना ओळीने बसवा. अगदी काळ्यापासून गोऱ्यापर्यंत, म्हातारी असावी, तरुण असावी. एकीच्या हातात फोटोग्राफरचं राखाडी कार्ड द्या. शेजारी पांढरं सुती कापड ठेवा, पण नीळ दिलेलं नको, नीळ रंग फसवते. एक काळी छत्री, थोडी हळद, टोमॅटो, हिरव्या मिरच्या. पाच-सहा फ्रेम काढा. ही झाली आपली मापाची निगेटिव्ह. नवा कागद आला की पहिली प्रिंट हिची.

चाचणीची रीत अशी. आधी चेहऱ्यांच्या ओळीवरून जाणारी पट्टी ठेवून वेळ ठरवा. मग रंग. निगेटिव्हवरून छापताना नियम सोपा आहे : ज्या रंगाची झाक जास्त, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा. पिवळी झाक आली तर पिवळा वाढवा, निळी आली तर पिवळा कमी करा. मॅजेंटा आली तर मॅजेंटा वाढवा, हिरवी आली तर कमी करा. लाल आली तर पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही वाढवा. ओल्या प्रिंटवरून निर्णय घेऊ नका, ती निळसर दिसते. वाळवा, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात न्या, मग बघा. राखाडी कार्ड खरंच राखाडी झालं की थांबा. फिल्टरचे आकडे डब्यावर लिहून ठेवा.

आणि मग शेवटची तपासणी. प्रिंट आणि त्या पाच-सहा जणी शेजारी शेजारी उभ्या करा. प्रत्येकीला विचारा, "ही तू आहेस का?" काही जणी म्हणतील, "थोडी उजळ कर ना." त्यावर हसू नका आणि भाषणही देऊ नका. तिला दोन प्रिंट्स दाखवा, एक उजळ केलेली आणि एक तिच्या रंगाची. उजळ केलेल्या प्रिंटमध्ये केसांचा काळा रंग जातो, डोळे फिके होतात, नाकाचा उंचवटा सपाट होतो. बहुतेक वेळा तिलाच ते दिसतं. आणि तरीही तिला उजळ हवी असेल तर तिची प्रिंट तिला तशी द्या. पण आपलं माप म्हणून तिच्या खऱ्या रंगाची ठेवा.

आता जरा जड विषय. मारहाणीच्या खुणांचे फोटो.

४९८अ कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेतल्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, पण मारहाण झाली हे सांगायला जवळ पुरावा असलेला बरा, हे बदललेलं नाही. गोऱ्या कातडीवरचा वळ लाल-जांभळा उठून दिसतो. काळ्या कातडीवर तोच वळ म्हणजे आसपासच्या रंगापेक्षा थोडासा गडद पट्टा. कागद फार कडक असेल तर हा पट्टा सावलीत बुडतो. प्रिंट उजळली तर तो पुसला जातो. प्रिंटला लाल झाक असली तर वळाची लाली कातडीत मिसळून जाते. म्हणजे 'चांगला फोटो' देणाऱ्या लॅबने नकळत पुरावा पुसलेला असतो, आणि मग समोरचा वकील विचारतो, "कुठे आहे मार?"

अशा निगेटिव्ह पुन्हा छापताना मऊ कागद घ्या. फ्रेममध्ये राखाडी कार्ड असेल तर रंग त्यावरून लावा, स्वतःच्या मनाने नाही. नवा फोटो काढताना कार्ड आणि मोजपट्टी फ्रेममध्ये ठेवायची सवयच लावा. वळ आहे त्याहून ठळक दिसावा म्हणून प्रिंट मुद्दाम गडद करू नका. तो खोटेपणा तर होईलच, आणि एकदा पकडला गेला की त्या बाईची सगळी केसच संशयात सापडेल. कागदाचं नाव, फिल्टरचे आकडे आणि वेळ वहीत लिहा. निगेटिव्ह कापू नका, हरवू नका. आणि फोटो कधीच वैद्यकीय दाखल्याची जागा घेत नाही. आधी दवाखाना, मग कॅमेरा. तिची परवानगी तर दोन्हीच्या आधी.

पुढचा प्रश्न, प्रिंट टिकणार किती? १९४२ साली कोडॅकने कोडाकलर फिल्म आणि तिच्या प्रिंट्स बाजारात आणल्या. त्या पहिल्या दशकातल्या प्रिंट्स आज पिवळ्या, डागाळलेल्या आणि फिक्या झाल्या आहेत. तुमच्या घरच्या अल्बममधल्या जुन्या रंगीत प्रिंट्स तांबूस झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातला सायन रंग अंधारात, बंद अल्बममध्येसुद्धा उडत जातो. १९९३ साली हेन्री विल्हेल्म आणि कॅरल ब्राउअर या दोघांनी रंगीत फोटोंच्या टिकाऊपणावर एक जाडजूड पुस्तक काढलं. रंग किती टिकतील याची माहिती कंपन्यांकडे असते, फोटो काढून घेणाऱ्या साध्या माणसापर्यंत ती पोचत नाही, हे त्यांनी ठासून मांडलं. त्यानंतरचे कागद पुष्कळ सुधारले. तरी ऊन, उष्णता आणि दमटपणा यांपुढे कुठलाच रंगीत कागद अमर नाही. ज्या दहा-वीस प्रतिमा आपल्या इतिहासासाठी अगदी मोलाच्या आहेत, त्यांची एक काळी-पांढरी प्रिंटही काढून ठेवा. जुन्या प्रिंटची मागची बाजू बघायला विसरू नका. तिथे अनेकदा कागदाच्या कंपनीचं नाव असतं, त्यावरून साल ठरवायला मदत होते. म्हणून प्रिंट वहीत डिंकाने चिकटवू नका. चिकट पानांचे अल्बम टाळा. मागे शाईने लिहू नका, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, कडेला लिहा.

आता तुमच्या हातांबद्दल. रंगीत डेव्हलपरमुळे कातडीला ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की थोड्याशा स्पर्शानेही परत उठते. हातमोजे घातल्याशिवाय हात बुडवायचा नाही. काळ्या-पांढऱ्याला चाललं म्हणून इथे चालेल असं नाही. स्वयंपाकाची भांडी, पाण्याच्या बाटल्या या कामाला वापरायच्या नाहीत, मुलांच्या हाताला लागेल असं काही ठेवायचं नाही. खोलीत हवा खेळती हवी. वापरलेल्या ब्लीच-फिक्समध्ये चांदी असते. ते मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, साठवून चांदी काढणाऱ्यांकडे द्या. प्रकाशबंद ड्रम वापरलात तर रसायन कमी लागतं, हात कमी बुडतात आणि रात्री न्हाणीघरातही काम होतं.

पैशाचा प्रश्न मला कळतो. म्हणून एका गावातल्या दोन-तीन गटांनी मिळून एकाच तुकडीचा कागद घ्यावा आणि चाचणी एकदाच करावी. आकडे सगळ्यांनी वापरावेत. सुरुवातीला लहान आकाराचा लस्टर घ्या. पुराव्याच्या आणि छपाईच्या कामासाठी ग्लॉसीचा एक लहान डबा बाजूला ठेवा.

तर 'कोणता कागद?' या प्रश्नाला माझं उत्तर असं : ज्या कागदावर आपल्यातली सर्वांत काळी बाई स्वतःला ओळखते, तो. गोऱ्या मैत्रिणी त्याच्यावर आपोआप नीट येतात. उलट होत नाही, हे तुम्ही उद्या स्वतः बघालच. सकाळी नऊला मापाची निगेटिव्ह काढायची आहे. येताना हळद कुणीतरी आणा, आणि पांढरं कापड बिननिळीचं.